हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर) भरपूर व्हिडिओ क्यूला, म्हणजे रांगेला, लावून रात्रभर चालवायचे आहेत, क्यू कसा सांभाळायचा? दोन-तीन एकदम चालवले तर लवकर उरकतं का?

नाही उरकत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण याच्यावरून आमच्या स्टुडिओत अजून वाद चालूय. एक्स२६४ असो नाहीतर एक्स२६५ (व्हिडिओ दाबून लहान करणारे एन्कोडर), एकटा एन्कोडच प्रोसेसरचे जेवढे कोअर मिळतील तेवढे खातो. मग तीन जॉब (क्यूतली एकेक फाईल म्हणजे एक जॉब) सोडले की तिघं एकमेकांच्या ताटात हात घालणार, तिन्ही हळू चालणार आणि सकाळी उठून बघावं तर पूर्ण एकही नाही.

आता क्यू. माझा चुलतभाऊ आणि मी मिळून लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ चालवतो, तो मोठा म्हणून दादा. त्याची पद्धत म्हणजे फोल्डर ओढायचा, सगळं ॲड टू क्यू, स्टार्ट, आणि घरी जायचं. एका शाळेचं जुन्या मिनी डीव्ही टेपचं काम आलं होतं, वर्षावर्षाची स्नेहसंमेलनं. टेपा फायरवायर केबलने कॅप्चर करून झाल्या, तासाला साधारण १३ जीबी. मी म्हटलं दादा, हे पाल (आपल्याकडची जुनी टीव्हीची पद्धत) आहे, इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत विभागलेली, सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं म्हणजे फील्ड, तुझा तो प्रीसेट (जपून ठेवलेली सेटिंग) ड्रोनच्या फोरके शूटसाठी बनवलेला, त्यात डीइंटरलेस, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांमुळे येणाऱ्या रेघा घालवणारा फिल्टर, बंद आहे, आधी एका टेपमधला लेझीमचा तुकडा काढून बघू. लेझीमच का, तर भाषण करणाऱ्या मुख्याध्यापकांच्या तोंडावर इंटरलेसच्या रेघा दिसतच नाहीत, जिथं हातपाय जोरात हलतात तिथंच कंगव्यासारख्या दिसतात. दादा म्हणाला बरं बाबा करतो, आणि काय केलं, तर क्यू आधीच भरलेला होता तो तसाच ठेवून मेन विंडोत फिल्टर चालू केला आणि स्टार्ट दाबलं!

इथंच लोक फसतात म्हणून एवढं लिहितोय. जॉब क्यूत गेला की त्या क्षणाची सेटिंग त्याच्याबरोबर गोठली. नंतर तुम्ही बाहेर प्रीसेट बदला, फिल्टर बदला, क्यूतल्या जॉबला त्याचा पत्ता नसतो. बदलायचंच असेल तर तो जॉब सिलेक्ट करून एडिट करा, तो क्यूतून निघून मेन विंडोत परत येतो, बदला, परत ॲड करा. सगळेच चुकले असतील तर एकेक एडिट करत बसण्यापेक्षा क्यू रिकामा करून परत भरलेला परवडतो. दादाच्या सगळ्या फायली रेघांसकट तयार झाल्या आणि वर म्हणतो काय की शाळेचा टीव्हीच खराब आहे. परत सगळं मी केलं, एका वेळी एक, आणि शाळेने नंतर गॅदरिंगचं शूटिंगही आम्हालाच दिलं. हे तो कधी सांगत नाही.

तर तुम्ही असं करा. क्यू भरायच्या आधी सगळ्यात अवघड फाईल घ्या, म्हणजे हलणारी, अंधारी, स्टेजच्या लाल लाईटवाली, आणि रेंजमध्ये चॅप्टरऐवजी सेकंद निवडून मिनिटभराचा तुकडा एन्कोड करून मोठ्या स्क्रीनवर बघा. कॉन्स्टंट क्वालिटी ठेवा, आरएफ (क्वालिटीचा आकडा, जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी) ५७६ लाईनच्या व्हिडिओला १८ ते २२, १०८०ला २० ते २४, हे हँडब्रेकवाले स्वतःच सुचवतात. पण त्यात फाईल केवढी होईल ते आधी कळत नाही, म्हणून डिस्कला मोकळी जागा भरपूर ठेवा आणि प्रेफरन्सेसमध्ये जागा संपत आली की क्यू थांबवायची सोय आहे ती चालू करा.

नावांचं बघा. कॅमेऱ्याच्या दोन कार्डांवर सी०००१ नावाची फाईल असतेच, दोन्ही एकाच आउटपुट फोल्डरला लावल्या तर एकतर ओव्हरराईट नाहीतर मागे नंबर लागणार, आणि हळद कुठली अन् रिसेप्शन कुठलं ते उघडून बघत बसा. सोर्सचीच नावं आधी बदला.

लाईट जात असेल तर एमकेव्हीत (एमपी४सारखाच फाईलचा एक प्रकार) काढा. एमपी४चा इंडेक्स (फाईलमध्ये काय कुठे आहे त्याची यादी) शेवटी लिहिला जातो, मधे बंद पडलं की ती फाईल गेली. एमकेव्ही निदान जिथपर्यंत झाली तिथपर्यंत चालते. हँडब्रेक परत उघडलं की उरलेला क्यू परत आणू का विचारतं, हो म्हणा, पण जो अर्धवट होता तो पहिल्यापासूनच सुरू होतो, मधून नाही. म्हणून मी छोट्या फायली वर ठेवतो, रात्रीत काही झालंच तरी बऱ्याचशा हातात असतात. आणि झाल्यावर शटडाऊन लावून झोपलात तर सकाळी आधी क्यूची यादी बघा, एखादा जॉब फेल झाला तरी गाडी पुढच्यावर जाते, संपलं म्हणजे सगळं झालं असं नाही.

मोबाईलचे व्हिडिओ असतील आणि नंतर एडिटिंगला जाणार असतील तर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कॉन्स्टंट करा, नाहीतर टाइमलाइनवर आवाज पुढेमागे होतो.

एक राहिलं, वर मी ठाम नाही म्हटलं ते मोठ्या फायलींसाठी. डीव्हीसारख्या ७२०×५७६ च्या छोट्या फ्रेमला एक एन्कोड बारा-सोळा कोअर पूर्ण वापरू शकत नाही, तिथं दोन एकदम चालवले तर खरंच वेळ वाचतो, आणि विंडोजच्या नवीन व्हर्जनमध्ये ती सेटिंग आहे. म्हणजे त्या शाळेच्या कामात दोन एकदम चालवू म्हणणाऱ्या दादाचं एवढं एक बरोबर होतं, पण रेघांचं काय? आणि मी विंडोजवाला आहे, मॅकवर मेनू वेगळ्या ठिकाणी सापडतील.