फोन पाण्यात पडल्यावर तांदळात ठेवला तर खरंच वाचतो का? कोणाचा स्वतःचा अनुभव आहे का?

तुम्ही लिहिलंय की काल संध्याकाळी फोन पाण्याच्या टाकीत पडला, घरच्यांनी तो तांदळाच्या डब्यात गाडून ठेवलाय आणि आता चालू करून पाहावा का. तर आधी एवढंच करा, बटन दाबू नका. बाकीचं निवांत वाचा, कारण उत्तर जरा लांबणार आहे आणि त्यात लोणार, हळद आणि माझी आई असं सगळंच येणार आहे.

मी काही रिपेअरिंगवाला नाही. रिसोड तालुक्यात गाव आहे, वावर आहे, सोयाबीन आणि तूर, आणि घराच्या समोरच्या खोलीत ऑनलाइन कामांचं छोटं सेंटर चालवतो, सातबारा, पीक विमा, पोरांचे फॉर्म वगैरे. पण बंद पडलेली वस्तू उघडून पाहायची खोड लहानपणापासूनची. आधी बाबांचा रेडिओ उघडला, मार खाल्ला, मग विहिरीवरचा स्टार्टर उघडला, त्याने तर झटकाच दिला, आणि आता अर्ध्या गावाचे मेलेले फोन माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असतात. बायको त्या ड्रॉवरला मसनवटा म्हणते.

तर २०२३ ची संक्रांत झाल्यावर एका रविवारी आम्ही सगळे लोणारला गेलो. आमच्या गावाहून तासाभराचा रस्ता, तरी आई आयुष्यात कधी तळ्यापर्यंत उतरली नव्हती, इथल्या लोकांचं असंच असतं, परदेशातून लोक येऊन पाहून जातात आणि आम्हाला वावरातून सवड नाही. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फोटो फिरले, पण तेव्हा लॉकडाऊन, म्हणून पोरीला कबूल केलेलं राहूनच गेलं होतं. भाड्याची गाडी केली, मी, बायको, पोरगी, आई, दादा, वहिनी आणि त्यांचा पोरगा, डब्यात भाकरी-ठेचा-झुणका आणि तिळाच्या उरलेल्या पोळ्या.

वरून पाहिलं की खड्डा केवढा ते कळत नाही, तळाशी उतरायला लागलं की कळतं. काळ्या दगडात उल्का पडून झालेला जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे तो. उतरताना झाडी, माकडं, पडकी देवळं, आणि खाली गेल्यावर सडक्या अंड्यासारखा वास. पोरांनी नाकं धरली. काठाला काळा चिखल, पाय ठेवला की खाली जातो.

तिथल्या गाईडच्या खिशात हळदीची पुडी होती. तो म्हणाला जादू दाखवतो. तळ्याचं पाणी तळहातावर घेतलं, त्यात हळद टाकली आणि ती लालभडक झाली, अगदी कुंकवासारखी. पोरं ओरडायला लागली. आई मात्र म्हणाली, "यात काय एवढं, हळदीच्या डागाले साबण लावला का थो लालच होते." आणि ते बरोबरच आहे, साबणात जो खार असतो तसलाच खार या पाण्यात आहे, फक्त भरपूर. हे लक्षात ठेवा, पुढे फोनचा जीव याच्यावरच अडकलाय.

तर आता पोरांना ते स्वतः करून पाहायचं होतं. दादा म्हणाला थांबा मी बाटलीत पाणी भरून घेतो, घरी नेऊन गल्लीतल्या पोरांना दाखवू. त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात त्याचा फोन, आणि त्याच खिशात आईचा बटनाचा फोन, कारण उतरताना आईने तो त्याच्याकडे दिला होता. शब्द सांगतो, "ठेव बरं तुह्याजवळ, माह्या हातून पडन कुठी." दादा वाकला. आधी एक डुबुक, मग लगेच दुसरं डुबुक.

पाणी घोट्याएवढंच होतं पण चिखल गाळणी लावल्यासारखा बारीक, हात घातला की सगळं काळं, काही दिसेना. आईचा आधी सापडला, दादाचा त्याच्यानंतर, पंधरा-वीस सेकंद तरी गेली असतील. आणि दादाचा फोन चालू होता! वरती वेळ दिसत होती, चिखलाखालून चक्क उजेड. दादाची छाती फुगली. "अबे वॉटरप्रूफ हाय हा, काई होत नाई याले," म्हणे, आणि दुपट्ट्याने पुसून तिथेच सगळ्यांचा सेल्फी काढला. मी म्हटलं दादा बंद कर तो, हे साधं पाणी नाही. तो म्हणाला तू तुझं ज्ञान आईच्या फोनवर दाखव.

आईच्या फोनची बॅटरी मी चिखलातच उभा राहून काढली. मागचं झाकण, बॅटरी, सिम, तिन्ही वेगळं. मग अर्धा तास चढून वर आलो. वर गोमुख आहे, बारमाही गोड पाण्याची धार, लोक तीर्थ म्हणून आंघोळ करतात. मी तिथे रांगेत उभा राहिलो, नंबर आला तसा फोनचा सांगाडा सरळ धारेखाली धरला. आईने जे बोलायला सुरुवात केली, "आताच त पाण्यातून काढला, अन् तू पुन्हा पाण्यात कायले बुडवून राह्यला?" मागचा एक माणूस म्हणाला काकू, त्याले पुण्य लागू द्या. सगळे हसले, मी मात्र बटनांच्या फटीतून काळं पाणी निघणं थांबेपर्यंत धरून ठेवला.

हा वेडेपणा वाटतो ना, ओला फोन अजून धुवायचा. पण फोनला पाणी मारत नाही, पाण्यात विरघळलेलं जे असतं ते आणि त्यातून वाहणारा करंट मारतो. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही. खारट पाण्यातून धो धो जाते. बॅटरी लागलेली असली की पाण्यातल्या दोन टोकांमध्ये करंट सुरू होतो आणि तांबं झिजायला लागतं, आणि हे काही दिवसांचं काम नसतं, तासा-दोन तासात हिरवा थर दिसतो. वरून पाणी सुकलं तरी खार आतच राहतो, पांढरी पूड होऊन, आणि तो हवेतली ओल ओढत बसतो, म्हणजे फोन सुकलाय असं तुम्हाला वाटतं आणि आत काम चालूच. म्हणून बॅटरी निघत असेल तर ती काढून, खार धुऊन, मग सुकवायचं, याच क्रमाने.

आता बॅटरी निघत नाही अशा फोनचं काय, तुमचा तसलाच असणार. त्याला धारेखाली धरायच्या भानगडीत पडू नका, बंद करा आणि पाणी खारं, चहाचं, डाळीचं असेल तर त्याच दिवशी उघडून आतून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करून घ्या, कोणताही बरा कारागीर करतो. उद्या-परवा करू म्हटलं की गेलं.

दादाचं काय झालं ते ऐका. दैत्यसुदनाच्या देवळात फोटो काढले, वहिनीच्या माहेरी व्हिडिओ कॉल लावला. गाडीत बसल्यावर बॅटरी १५ टक्के दिसली म्हणून गाडीचा चार्जर लावला. फोनने स्वतः सांगितलं की पोर्टमध्ये ओल आहे, चार्जर काढा. दादाने पोर्टमध्ये फुंकर मारली आणि परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा फोनने मुकाट्याने घेतलं. मी मागच्या सीटवर, मांडीवर पोरगी झोपलेली, हातात आईच्या फोनचे तीन तुकडे टोपीत ठेवलेले, काही बोललो नाही, कारण एकदा बोलून झालं होतं. रिसोडच्या अलीकडे स्क्रीनवर हिरव्या उभ्या रेघा आल्या आणि फोन बंद.

आणि वॉटरप्रूफचं सांगायचं तर, खोक्यावर जे आयपी ६७ लिहिलेलं असतं त्यातला ६ धुळीचा आणि ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, ते पण गोड्या पाण्यात आणि नव्या फोनला. दादाच्या फोनची डिस्प्ले वर्षभरापूर्वी बदललेली, उघडताना आतलं सील निघतं ते पुन्हा कंपनीसारखं बसेलच असं नाही. पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत सहसा धरत नाहीत हे वेगळंच. सिमच्या खाचेत बऱ्याच फोनना एक बारीक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो, कारागीर आधी तोच पाहतो. म्हणजे तुम्ही कितीही म्हणा की फोन पाण्यात पडलाच नाही.

घरी आल्यावर वहिनीने तांदळाचा डबा काढला. वहिनी भंडाऱ्याकडची, माहेरी धानाची शेती, आमच्याकडे ज्वारी आणि गहू, तांदूळ तिच्या माहेरचाच येतो आणि त्याच्यावर तिचा फार विश्वास. फोन त्यात तीन दिवस. चौथ्या दिवशी चालू झाला! वहिनीने गल्लीभर सांगितलं. दुपारी दोघा-तिघांना फोन केले, आवाज फाटलेल्या भोंग्यासारखा येत होता पण येत होता. संध्याकाळी चार्जिंगला लावला, तळाशी हात लावता येईना इतका तापला, आणि मग जो बंद झाला तो कायमचा. आठवड्याने माझ्या ड्रॉवरमध्ये आला. उघडला तर चार्जिंगच्या बाजूला हिरवं-पांढरं साचलेलं, पितळेच्या न घासलेल्या गडव्यासारखं, आणि पोर्टच्या आत एक तांदळाची कणी आणि पीठ अडकलेलं. मेमरी कार्ड तेवढं वाचलं, त्यात पुतण्याच्या जावळाचे फोटो होते म्हणून वहिनी मला अजून चहा देते.

तर तांदूळ. साठवणीच्या तांदळात मुळातच शेकडा १२ ते १४ भाग ओल असते, तो घट्ट बंद फोनच्या आतलं पाणी कुठून ओढणार? अ‍ॅपलने तर २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं की आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात. मग लोकांना गुण का येतो? कारण तांदळात ठेवला म्हणजे दोन दिवस कोणी हात लावत नाही. बस एवढंच. गव्हात ठेवा नाहीतर कोठीवर नुसता ठेवा, तेच होईल. पावसाने स्टार्टरचा डबा भिजला तर आमच्या गावात कोणी हिरवं बटन दाबत नाही, शेंबड्या पोराला कळतं की मोटर जळेल. तोच माणूस ओल्या फोनचं बटन दर दहा मिनिटांनी दाबून पाहतो.

तुमचा टाकीतल्या साध्या पाण्यात पडलाय, ते त्यातल्या त्यात बरं. तांदळातून काढा, पोर्टमध्ये कणी गेली का टॉर्च मारून पाहा, पण सुई-टाचणी घालू नका. सिमचा ट्रे काढून ठेवा. चार्जिंगचं तोंड खाली येईल असा उभा, सावलीत, पंख्याखाली. झटकू नका, पाणी आत पसरतं. हेअर ड्रायर नको, आतला गोंद सुटतो. तुमच्याकडे आता कोणता महिना चालू आहे त्याप्रमाणे, उन्हाळा असेल तर टिनावर किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका, आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं, बॅटरी फुगेल. आणि कूलरसमोर तर मुळीच नको, वारा थंड लागतो म्हणून बरेच जण ठेवतात पण ती पाण्यातून आलेली ओली हवा असते, म्हणजे फोनला पुन्हा वाफच. पावसाळा असेल तर हवाच ओली, मग बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आठ-दहा जमवा आणि झाकणबंद डब्यात फोनसोबत ठेवा. दोन दिवस, जमलं तर तीन. मग आधी चार्जर न लावता चालू करा, चालू झाला तर पहिलं काम म्हणजे फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्या, त्यानंतर काय ते कौतुक.

आईचा फोन? घरी आणून बटनांच्या खालून टूथब्रश आणि अल्कोहोलने साफ केला, बॅटरीच्या पितळी पट्ट्या खोडरबराने घासल्या, दोन दिवस खिडकीत टांगला, तिसऱ्या दिवशी लागला. अजून चालतो. फक्त ७ चं बटन दोनदा दाबावं लागतं, आणि मामाच्या नंबरात तीन सात आहेत, त्यामुळे मामाला फोन लावायचा असला की आई मला हाक मारते. मी फोन दुरुस्त केला असं ती कोणाला सांगत नाही. गोमुखाच्या पाण्याने वाचला, म्हणते. मी पण वाद घालत नाही, तसं पाहिलं तर खोटं नाही ते.