पावसाळ्यात विद्युतदर्शीचं पान आपोआप मिटतं, ते किरणोत्सर्गामुळे का?

दादरला राहता, मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बरणीत सोन्याच्या वर्खाचा विद्युतदर्शी (प्रभार असला की पान उघडं राहतं, प्रभार गेला की मिटतं) केलात आणि जवळ काहीच नसताना पान काही मिनिटांत मिटतं, असं तुम्ही लिहिलंय. जुलैत, मुंबईत? मग संशय आधी पान धरणाऱ्या बुचावर घ्या. दमट हवेत लाकूड, बूच, काच, सगळ्यांवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. किरणोत्सर्गाने हवेचे रेणू प्रभारित होतात (आयनीभवन), पण त्या नैसर्गिक आयनीभवनाने होणारी गळती त्यापुढे फार मंद असते.

हाच पेच १९०१ साली सी. टी. आर. विल्सन यांच्यापुढे होता (पुढे मेघकक्ष, म्हणजे कणांच्या वाटा दाखवणारं उपकरण, बनवणारे तेच). बंद भांड्यातही प्रभार हळूहळू जातो, पण तो हवेतून जातो की आधारावरून? त्यांनी पान गंधकाच्या मण्याला टांगलं आणि मण्यावरचा आधार पानाच्या सुरुवातीच्या विभवावरच (विद्युत पातळीवरच) स्थिर ठेवला. आता मण्यातून गळती झालीच तर ती पानाकडे येणारी. तरीही पान मिटलं तर वाट हवेतूनच. सगळ्या जुन्या उपकरणांत मला ही युक्ती सर्वांत सुंदर वाटते. हे उपकरण घेऊन ते रात्री स्कॉटलंडमधल्या रेल्वेच्या बोगद्यात गेले, हवेचं आयनीभवन करणारी किरणं आकाशातून येतात का ते पाहायला. आत गळती कमी झाली नाही, म्हणून त्यांनी ती कल्पना सोडली. पण १९१२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस बलूनमधून ५ किलोमीटरच्या वर गेले, तेव्हा तिथे आयनीभवन जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त निघालं, म्हणजे किरणं वरूनही येत होती.

तुमच्यासाठी: बूच काढून टेफ्लॉनचा तुकडा लावा. घरी गंधक वितळवू नका, धूर वाईट. बरणीत सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) टाकून रात्रभर बंद ठेवा. प्रभार देण्याआधी टेफ्लॉनची बाहेरची बाजू हेअर ड्रायरने कोरडी करा आणि तिला बोट लावू नका, घामाचं मीठही वीज वाहतं.

मग पान ठरावीक दोन खुणांमधून उतरायला लागणारा वेळ मोजा. गॅसबत्तीची जुनी, थोरियमवाली (किरणोत्सारी) जाळी मिळाली तर ती न फोडता, पातळ पिशवीतच, बरणीच्या आत पानाजवळ ठेवा. बाहेर ठेवली तर थोरियममधून निघणारे अल्फा कण काचेतून आत येत नाहीत. तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नका, मुलीला एकटीने हाताळू देऊ नका. जाळीसह आणि जाळीविना अशी मोजमापं एकाच दिवशी आलटूनपालटून घ्या, कारण सकाळ-संध्याकाळची दमट हवा सारखी नसते.