धूर दिसला म्हणून अग्नी?

प्रश्न : न्यायदर्शनातलं (तर्कावर भर देणाऱ्या भारतीय दर्शनातलं) पाच अवयवांचं, म्हणजे पाच पायऱ्यांचं, अनुमान कसं मांडतात? ते फसतं कुठे?

उत्तर : प्रतिज्ञा: डोंगरावर अग्नी आहे. हेतू: कारण तिथे धूर आहे. उदाहरण: जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. उपनय: या डोंगरावर तसाच धूर आहे. निगमन: म्हणून अग्नी आहे. मीमांसकांना (मीमांसा या दुसऱ्या दर्शनाच्या अनुयायांना) यातले तीनच पुरतात, आणि स्वतःपुरत्या विचाराला तेवढे खरोखर पुरेत.

सगळा भार उदाहरणातल्या व्याप्तीवर, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ या न चुकणाऱ्या संबंधावर असतो. ती उलटवून ‘अग्नी आहे, म्हणून धूर आहे’ म्हटलं की फसलंच! लोखंडाच्या तापलेल्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपणही लागतं, ही ‘उपाधी’, म्हणजे न सांगितलेली जादा अट. ती नजरेतून सुटली की हेतू सव्यभिचार ठरतो, म्हणजे जे सिद्ध करायचं ते नसतानाही आढळणारा. पाच हेत्वाभासांपैकी (सदोष हेतूंपैकी) रोजच्या वादांत सर्वाधिक आढळणारा बहुधा हाच.