मॅनेजमेंट जर्नलभोवती जगभरच्या अभ्यासकांचा समुदाय कसा उभा राहतो?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: संपादक मंडळावर वेगवेगळ्या देशांतले प्राध्यापक घेतले, वेबसाइट नवी केली, तरी बाहेरून दमदार पेपर येत नाहीत आणि रिव्ह्यूसाठी, म्हणजे आलेला पेपर तपासून मत देण्यासाठी, विचारलं की लोक टाळतात. मी एका मॅनेजमेंट जर्नलमध्ये सहयोगी संपादक म्हणून काम करतो. त्या कामात जे दिसतं त्यावरून लिहितोय.

मंडळावरची नावं बाजूला ठेवा आणि तुमची निर्णयपत्रं, म्हणजे पेपर घेतला की नाकारला हे लेखकाला कळवणारी पत्रं, काढून वाचा. नावाजलेल्या मॅनेजमेंट जर्नल्समध्ये आलेल्या दहा पेपरांपैकी जेमतेम एखादा छापून येतो, म्हणजे जर्नलशी संबंध आलेल्या बहुतेकांच्या हाती शेवटी नकारच पडतो. तो नकार कसा लिहिलाय, यावर ते लोक पुन्हा तुमच्याकडे वळतात की नाही हे ठरतं. दोन ओळींचं छापील पत्र आठ महिन्यांनी आलं, तर तो लेखक गेलाच, शिवाय तो आपल्या विद्यार्थ्यांनाही दुसरी वाट दाखवतो. पेपर रिव्ह्यूला पाठवायचाच नसेल तर दोन-तीन आठवड्यांत कळवा, आणि का ते त्या पेपरातल्या मजकुराला धरून सांगा.

रिव्ह्यूअरांचा एक शेरा आमच्याकडे वारंवार येतो: 'हा अभ्यास याच देशात का केला, याचं समर्थन द्या.' अमेरिकेतल्या कंपन्यांवरच्या पेपराला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. केनिया किंवा व्हिएतनाममधल्या कारखान्यांवर लिहिणाऱ्याला मात्र पहिल्या परिच्छेदापासून खुलासा द्यावा लागतो. त्या देशातली परिस्थिती सिद्धान्ताला कुठे भिडते हे विचारणं रास्तच आहे, पण ते सगळ्यांना सारखंच विचारायला हवं. इथे संपादकाने मध्ये पडायचं असतं. आलेले रिव्ह्यू लेखकाकडे नुसते जसेच्या तसे पाठवू नका. पत्रात स्पष्ट लिहा, 'दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या तिसऱ्या मुद्द्याला उत्तर देण्याची गरज नाही. वरून आलेला आदेश सुपरवायझर कामगारांपर्यंत नेताना कसा बदलतो, हे तुमच्या मुलाखतींत फार सुंदर आलंय, पण ते निष्कर्षांच्या शेवटी दडलंय. तिथून सुरुवात करा.' असं पत्र मिळालेला लेखक पेपर नाकारला गेला तरी तुमचा राहतो. पुढे उत्तम रिव्ह्यूअर बहुधा अशांतूनच मिळतात, हे मी मनापासून सांगतो.

भाषेबद्दलही तेच. 'इंग्रजी कच्चं आहे' एवढ्यावर पेपर परत करू नका. युक्तिवाद कुठे तुटतो ते दाखवा. वाक्यं नंतर दुरुस्त होतात.

जर्नल आधी की समुदाय आधी? दोन्ही वाटांची उदाहरणं आहेत. 'स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नल' १९८० मध्ये सुरू झालं आणि अभ्यासकांची संघटना, स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट सोसायटी, १९८१ मध्ये. युरोपात उलटं घडलं: संघटनांचा अभ्यास करणाऱ्यांचा 'इगॉस' हा गट १९७०च्या दशकात जमला, त्यांचं जर्नल 'ऑर्गनायझेशन स्टडीज' १९८० मध्ये आलं. चीनमधल्या संशोधनासाठी मॅनेजमेंटच्या अभ्यासक अ‍ॅन त्सुई यांनीही आधी २००२ मध्ये संघटना उभारली, मग २००५ मध्ये 'मॅनेजमेंट अँड ऑर्गनायझेशन रिव्ह्यू' काढलं. आफ्रिका अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट २०११ ची, तिचं जर्नल २०१५ चं. क्रम कोणताही असो, या प्रत्येक जर्नलच्या जोडीला माणसांनी एकत्र बसून एकमेकांचं अर्धवट काम वाचायची जागा होती. तुमच्याकडे ती नाही, आणि माझ्या मते खरी उणीव हीच आहे.

म्हणून पेपर डेव्हलपमेंट वर्कशॉप घ्या. भाषणं नकोत. चार-पाच जणांचं एक टेबल, प्रत्येकाने इतरांचे मसुदे आधी वाचून यायचं, आणि सोबत एक संपादक. निवड झाली म्हणजे पेपर छापला जाईल असं नाही, हे सुरुवातीलाच सांगा. ऑनलाइन घेत असाल तर वेळ आळीपाळीने बदला, नाहीतर एकाच खंडातल्या लोकांना दर वेळी मध्यरात्री जागावं लागतं.

रिव्ह्यूअर घडवावे लागतात. नुकतीच पीएचडी झालेल्यांना अनुभवी रिव्ह्यूअरच्या जोडीने घ्या. निर्णय झाल्यावर सगळ्या रिव्ह्यूअरांना संपादकाचं पत्र आणि इतरांचे रिव्ह्यू पाठवा, अर्थात नावं झाकून. त्याच पेपरात दुसऱ्याला काय दिसलं हे वाचून माणूस जितकं शिकतो, तितकं कुठल्या मार्गदर्शिकेतून शिकत नाही. जे सातत्याने नीट वाचतात त्यांना मंडळावर घ्या. आणि नुसती शोभेची नावं मुदत संपली की आदराने मोकळी करा.

शेवटचा मुद्दा अधिकाराचा. परदेशी सहकारी फक्त सल्लागार असतील आणि पेपर स्वीकारायचा की नाकारायचा हे तुमच्याच संस्थेतले दोघे-तिघे ठरवत असतील, तर ते बाहेरच्यांच्या लगेच लक्षात येतं. वेगवेगळ्या प्रदेशांतले सहयोगी संपादक नेमा, त्यांना अंतिम निर्णयाचा हक्क द्या आणि तीन-चार वर्षांनी माणसं बदला. स्पेशल इश्यूचे, म्हणजे एकाच विषयाला वाहिलेल्या अंकांचे, विषय त्यांच्याकडूनच येऊ द्या. तुम्हाला जो प्रश्न किरकोळ वाटतो, कौटुंबिक उद्योगातली वारसदारी म्हणा किंवा बिनकागदपत्री रोजगार, त्यावर दुसरीकडे कितीतरी जण वर्षानुवर्षं काम करत असतात आणि त्यांना छापायला जागा मिळत नसते.