वाचक विचारतात: उलटलेली कॅटमरान उभी करायची दोरी

प्रश्न: काका, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला आहे. मी आणि बायकोने मिळून जुनी होबी १६ घेतली, म्हणजे दोन तरंगते सांगाडे जोडलेली शिडाची होडी, कॅटमरान. करमाळ्याकडच्या मित्राच्या शेताजवळ, उजनीच्या काठावर ती ठेवतो. उलटली तर उभी करायची दोरी, म्हणजे राइटिंग लाइन, तिच्यावर नाही. एक जण सांगतो, दोरी ट्रॅम्पोलिनच्या, म्हणजे दोन सांगाड्यांमध्ये ताणलेल्या कापडाच्या, खाली रबराने ताणून ठेवा. दुसरा म्हणतो, वर पिशवीत ठेवा. कुठे आणि कसली दोरी बांधू? माझं वजन ६२, तिचं ५१ किलो.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: वजनं लिहिलीत हे फार बरं केलंत. उत्तर तिथूनच सुरू होतं.

होबी १६ चं स्वतःचं वजन १४५ किलोच्या आसपास, रुंदी २.४ मीटर. ती आडवी पडली की एक हल (तरंगता सांगाडा) पाण्यात, दुसरा आकाशात आणि ट्रॅम्पोलिन भिंतीसारखं उभं. तुम्ही खालच्या हलवर पाय रोवून दोरीला धरून मागे झुकता आणि तुमच्या वजनाने डोलकाठी पाण्यातून वर यायला लागते. त्यासाठी साधारण सव्वाशे ते दीडशे किलो लागतात. तुम्हा दोघांचे मिळून ११३. म्हणजे दोरी कितीही चांगली बांधली तरी तुम्हाला थोडं उसनं वजन हवं. ते पुढे सांगतो.

आधी जागा. तुमच्यासाठी मी वरची दोरी सांगेन. डोलकाठीच्या बुडाशी बोलाइन गाठीने (न सरकणाऱ्या फासाने) पक्की बांधायची आणि गरज पडली की वरच्या हलवरून पलीकडे टाकायची. ट्रॅम्पोलिनखालची दोरी दोन्ही हल जोडणाऱ्या पुढच्या आडव्या दांडीच्या मध्यातून येते, म्हणून तिचा ओढ खालच्या कोनातून लागतो आणि तेवढाच परिणाम साधायला हातांना जास्त ताण सोसावा लागतो. वरच्या हलवरून आलेली दोरी उंचावरून ओढते. हलक्या माणसांना हा फरक खांद्यात जाणवतो. खालच्या दोरीचा मोठा गुण म्हणजे ती शोधावी लागत नाही, हाताशीच असते. पण आपल्या उन्हात तिचं रबर लवकर मरतं. ती बसवलीत तर दरवर्षी रबर बदलायचं.

वरच्या दोरीला पिशवी कशी असावी यावर मी जास्त बोलणार आहे, कारण मी इथेच चुकलो होतो. माझी दोरी छान गुंडाळून पिशवीत होती आणि पिशवीचं तोंड नाडीने आवळलेलं होतं. उलटलो तेव्हा ती भिजलेली नाडी सुटेना. बोटं बधिर झाली, होडी वाऱ्याबरोबर सरकत राहिली, माझा भाचा पाण्यात आडव्या दांडीला धरून माझ्याकडे बघत होता. शेवटी दातांनी सोडवली. त्या दिवसापासून माझ्या पिशवीला नाडी नाही. जाळीचा खिसा, तोंडाला इलॅस्टिक, आत दोरी गुंडाळी न करता नुसती कोंबलेली, आणि मोकळ्या टोकाचा वीतभर भाग बाहेर लोंबता. डोळे मिटून एका हाताने ओढली की सगळी बाहेर आली पाहिजे. हे घरी अंगणात दहा वेळा करून बघा.

दोरी १० ते १२ मिमी जाडीची, विणलेली पॉलिएस्टर, सहा मीटर. याहून बारीक दोरी हाताला कापते. बाजारात बोअरची मोटार सोडायला जी प्लॅस्टिकची दोरी मिळते ती घेऊ नका. ती ओल्या हातातून निसटते आणि सोलापूरच्या उन्हाने तिचे धागे भुसभुशीत होतात. हात-हात अंतरावर साध्या गाठी मारा, टोकाला मोठी गाठ.

उसनं वजन म्हणजे पाणी. जाड कापडाची पंचवीस लिटरची, भक्कम पट्ट्यांची पिशवी ठेवा. पाण्यात बुडवून भरायची, तुम्ही पाठीला अडकवायची आणि मागे झुकायचं. पाण्याखाली असेपर्यंत तिचा भार होत नाही, पिशवी पाण्याबाहेर उचलली जाईल इतके उभे राहा. ११३ अधिक २५, म्हणजे १३८. जमेल.

उभं करताना आधी दोन्ही शिडांच्या दोऱ्या मोकळ्या करा. नाहीतर होडी उभी राहताच वारा भरून पळते किंवा दुसऱ्या बाजूला पडते. मग दोघं खालच्या हलवर पुढच्या टोकाकडे सरका. तिथे वजन पडलं की नाक पाण्यात धरलं जातं, ट्रॅम्पोलिनला वारा लागून मागची बाजू वळते आणि नाक वाऱ्याकडे होतं. आता दोरीला धरून पाय ताठ, हात ताठ, ढुंगण पाण्याजवळ. आणि थांबा. शिडावरचं पाणी ओघळायला वेळ लागतो. इथे धीर सुटून लोक झटके देतात. झटक्याने काही होत नाही, टिकून राहिलेल्या वजनाने होतं. डोलकाठी उठली की ती एकदम येते, तेव्हा एकाने आडवी दांडी घट्ट धरायची.

उजनीबद्दल काही गोष्टी. डोलकाठी आठ मीटर उंच असते. होडी पूर्ण पालथी झाली तर उथळ पाण्यात तिचं टोक गाळात रुततं आणि मग दोन माणसांच्या हातात काही राहत नाही. टोकाला तरंगता फुगा लावा, म्हणजे होडी सहसा आडवीच राहते. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, गेलं की कालची खोली आज नसते, दर खेपेला वल्ह्याने बघून घ्या. काठावर शेतीच्या मोटारींच्या विजेच्या तारा असतात आणि तुमची डोलकाठी अल्युमिनियमची आहे, ती उभी करूनच तारांखालून होडी ढकलत नेऊ नका. आणि वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यावर नको. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. लाइफ जॅकेट दोघांनाही, पट्टे आवळून, पाण्यात उतरायच्या आधी.

पहिला सराव सकाळी, वारा कमी असताना, काठावर मित्र उभा ठेवून, मुद्दाम उलटवून करा. एकदा दोरी तुम्ही टाका, एकदा बायकोने टाकायची. पाण्याची पिशवी भरणं आणि दोरी बाहेर काढणं तिला एकटीला जमेपर्यंत किनारा सोडून फार आत जाऊ नका.