नाल्याचा आराखडा तपासताना

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोलीचा. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत नव्यानेच रुजू झालोय. नाला वळवण्याचा आराखडा तपासायला दिलाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी लांबी मोजा. जुना नाला वळणं घेत ३ किलोमीटरमध्ये ६ मीटर उतरत असेल आणि नवा चर सरळ २ किलोमीटरचा असेल, तर उतार किलोमीटरला २ वरून ३ मीटर झाला. तेवढ्याच खोलीचं पाणी आता तळ दीडपट जोराने खरवडणार! म्हणून नव्या पात्रालाही वळणं हवीत. फक्त महापुराचं गणित मांडलेला आराखडा मी परत पाठवतो. वर्षा-दोन वर्षांनी येणारा पूरच पात्र घडवतो, त्याचाही हिशेब मागा. नवा चर खाली जुन्या नाल्याला जिथे मिळतो, तो सांधा जाग्यावर जाऊन बघा. तिथे तळ खचला की खचणं वरच्या दिशेने सरकत जातं.

काठालगत ओव्हरबर्डनचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचे, ढिगारे दाखवले असतील तर ठाम नकार द्या. आपल्याकडे लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांची तांबडी माती व्हाळातून भातशेतीत कशी उतरते, ते तुम्ही पाहिलं असेलच. आणि काठावरचं गवत पाणी सोडण्याआधी रुजलेलं हवं, निदान एक पावसाळा आधी लावलेलं.