बुकमार्कची मूळ वही एकच ठेव

घरी फायरफॉक्स, अंधेरीच्या ऑफिसात क्रोम, आणि हवी ती लिंक नेमकी दुसरीकडे. हे मीही भोगलंय. माझं ऐक, ब्राउझरला मूळ प्रत मानू नकोस. मूळ प्रत म्हणजे इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधली साधी ऑर्ग फाइल (मथळ्यांनी मांडलेली मजकूर-फाइल): मथळा, लिंक आणि ती का ठेवली त्याची एक ओळ. ती ओळ गाळू नकोस, सहा महिन्यांनी तीच कामाला येते. लिंकवर कर्सर नेऊन कंट्रोल-सी, कंट्रोल-ओ दाबलंस की पान उघडतं.

आधी दोन्हीकडचे बुकमार्क एचटीएमएलमध्ये एक्स्पोर्ट कर. त्या फाइलच्या पहिल्याच ओळीत अजून नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं नाव दिसेल. प्रत्येक लिंकजवळचा ‘ॲड डेट’चा, म्हणजे ती कधी जोडली त्याचा, लांबलचक आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, त्यावरून जुनं-नवं लावून लिंका ऑर्ग फाइलमध्ये उतरव.

ब्राउझर चालू असताना तो बुकमार्क ज्या आतल्या फाइलीत ठेवतो, तिला मात्र हात लावू नकोस. मी लावला होता. बंद होताना त्याने माझ्या बदलांवर जुनीच यादी लिहिली आणि दादर ते विरार गाडीत बसून केलेली सगळी आवराआवर गेली.

ऑर्ग फाइल खासगी गिट रेपोत ठेव, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन साठ्यात. निघताना पुश (बदल वर पाठव), पोहोचल्यावर पुल (ते खाली घे). ऑफिसच्या अंतर्गत लिंका त्यात नकोत.